हार्वर्डनं डुबॉइसना पुन्हा तिसऱ्या वर्षाला बसवलं होतं: एका सेमिस्टरसाठी कॅम्पस बदलताना

कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेले अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस 1888 साली नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातून बी. ए. झाले आणि हार्वर्डला गेले. फिस्क कृष्णवर्णीयांचं, हार्वर्ड गोऱ्यांचं. हार्वर्डनं फिस्कची पदवी आपल्या पदवीच्या तोडीची मानली नाही. डुबॉइसना पुन्हा तिसऱ्या वर्षाला बसावं लागलं आणि 1890 मध्ये त्यांनी दुसऱ्यांदा बी. ए. केलं. याच डुबॉइसना 1946 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहून, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या होत्या.

तुमच्याकडचा कोर्स आमच्याकडे किती क्रेडिटचा, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. आजही एक्सचेंज, म्हणजे काही काळ दुसऱ्या विद्यापीठात जाऊन शिकणं, अडतं ते बहुतेक वेळा इथंच.

मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात कोर्स-नोंदणीचं काम बघते. दर फेब्रुवारीत मराठी मंडळातल्या कुणाच्या तरी मुलीचा मेसेज येतो, “मावशी, एक सेमिस्टर स्पेलमनला जायचंय, फॉर्म कुठला भरू?” फॉर्म सोपाच असतो. घाम फुटतो तो फॉर्मच्या आधीच्या कामांनी. त्यासाठी हा लेख.

आधी दोन शब्दांचा उलगडा. एचबीसीयू म्हणजे ऐतिहासिक कृष्णवर्णीय कॉलेजं आणि विद्यापीठं. 1965 च्या उच्च शिक्षण कायद्यात त्यांची व्याख्या आहे: 1964 च्या आधी स्थापन झालेली आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांचं शिक्षण हेच मुख्य उद्दिष्ट असलेली. अशा संस्था साधारण शंभर आहेत. पेनसिल्व्हेनियातलं चेनी 1837 चं, वॉशिंग्टनचं हॉवर्ड आणि अटलांटाचं मोरहाऊस 1867 चं, तिथलंच मुलींचं स्पेलमन 1881 चं. दुसरा शब्द पीडब्ल्यूआय, म्हणजे मुख्यतः गोऱ्या विद्यार्थ्यांच्या संस्था. याला कायद्यात व्याख्या नाही, तो बोलण्यातला शब्द आहे. आपली बहुतेक मुलं याच दुसऱ्या गटात शिकतात. “पण मी कृष्णवर्णीय नाही, मला घेतील का?” असं दरवेळी विचारलं जातं. घेतात. एचबीसीयूंमधले साधारण चौथा हिस्सा विद्यार्थी कृष्णवर्णीय नसतात.

पहिलं काम: दार ओळखा

“एक्सचेंज” या एका शब्दाखाली लोक चार वेगळ्या गोष्टी बोलतात आणि इथंच पहिला गोंधळ होतो.

पहिलं दार म्हणजे दोन संस्थांमधला थेट करार. ब्राउन आणि मिसिसिपीतलं टुगालू यांची भागीदारी 1964 पासूनची आहे, त्यातून विद्यार्थी एका सेमिस्टरसाठी इकडून तिकडे जातात. स्टॅनफर्डचा असा संबंध हॉवर्ड, मोरहाऊस आणि स्पेलमनशी आहे. स्पेलमनचा स्वतःचा देशांतर्गत एक्सचेंज कार्यक्रम बराच मोठा आहे. अशा करारात सहसा फी घरच्या विद्यापीठालाच भरायची असते.

दुसरं दार नॅशनल स्टुडंट एक्सचेंजचं. 1968 पासून चालणारी ही सदस्य-विद्यापीठांची साखळी आहे. तिच्यात फीचे दोन प्रकार असतात. प्लॅन ए मध्ये तुम्ही यजमान विद्यापीठाला त्यांच्या राज्यातल्या विद्यार्थ्यांच्या दरानं फी भरता, प्लॅन बी मध्ये घरच्याच विद्यापीठाला नेहमीची फी भरता. सदस्यांची यादी बदलत राहते, त्यामुळे तुमचं विद्यापीठ आणि हवं असलेलं एचबीसीयू दोन्ही यंदाच्या यादीत आहेत का ते आधी बघा.

तिसरं दार क्रॉस-रजिस्ट्रेशन, म्हणजे राहायचं आपल्याच कॅम्पसवर आणि एक-दोन कोर्स शेजारच्या विद्यापीठात करायचे. वॉशिंग्टनच्या कन्सॉर्शियममध्ये हॉवर्ड, जॉर्जटाउन, जॉर्ज वॉशिंग्टन ही सगळी आहेत. नॉर्थ कॅरोलायनात ड्यूक आणि यूएनसीचे विद्यार्थी डरहॅमच्या नॉर्थ कॅरोलायना सेंट्रलमध्ये कोर्स घेऊ शकतात, तिकडचे इकडे येऊ शकतात. मास्टर्स किंवा पीएचडी करणाऱ्यांसाठी खरा रस्ता हाच, कारण पूर्ण सेमिस्टरचे एक्सचेंज मुख्यतः बॅचलर्सवाल्यांसाठी असतात. आणि माझं वैयक्तिक मत विचाराल तर, ज्याला खात्री नाही त्यानं आधी एक कोर्स असा करून बघावा. बसचं तिकीट काढायचं आणि जायचं.

चौथं दार “व्हिजिटिंग स्टुडंट” म्हणून स्वतंत्र अर्ज. कुठलाही करार नसला तर हेच उरतं. यात यजमानांची पूर्ण फी तुमच्या खिशातून जाते आणि क्रेडिट मिळवून घेण्याची जबाबदारीही तुमचीच.

अंडरग्रॅजुएट ऑफिसला मेल टाकताना “मला एक्सचेंज करायचंय” असं लिहू नका. या चारांपैकी कुठलं दार, ते नाव घेऊन विचारा. उत्तर दोन आठवड्यांऐवजी दोन दिवसांत येतं.

क्रेडिट: सगळ्यात जास्त वेळ इथं द्या

आधी वेळ ठरवा. बहुतेक विद्यापीठांत पदवीची शेवटची काही क्रेडिट, पुष्कळदा शेवटची 30, घरच्याच कॅम्पसवर करावी लागतात. म्हणून चौथं वर्ष जवळजवळ बाद. पहिल्या वर्षी तुमच्याकडे दाखवायला ग्रेडच नसतात. उरतं दुसऱ्या वर्षाचं दुसरं सेमिस्टर किंवा तिसरं वर्ष.

मग सेमिस्टर आणि क्वार्टरचं गणित. क्वार्टर म्हणजे सेमिस्टरपेक्षा लहान सत्र, काही विद्यापीठांत तीच पद्धत असते. एक सेमिस्टर क्रेडिट म्हणजे दीड क्वार्टर क्रेडिट. समजा, अटलांटातली मुलगी सेमिस्टर पद्धतीतून येऊन स्टॅनफर्डला एका क्वार्टरसाठी गेली आणि तिथं 15 युनिट केली. मुलगी खूश, कारण घरी ती दर सेमिस्टरला 15 च करते. परत आल्यावर ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, दिसतात 10. पाच क्रेडिटचा खड्डा पडला आणि तो भरायला उन्हाळ्यात फी भरून कोर्स घ्यावे लागतात. हे गणित निघण्याआधी कागदावर मांडा, दोन क्वार्टर करावी लागतील का ते तेव्हाच कळेल.

आता कोर्सची जुळणी. मी मुलांना कागदावर चार रकाने आखायला लावते: यजमानांचा कोर्स क्रमांक, क्रेडिट, आपल्याकडचा बरोबरीचा कोर्स, आणि चौथ्यात मान्यता देणाऱ्याचं नाव आणि मेलची तारीख. चौथा रकाना रिकामा असला तर आधीच्या तिघांना किंमत नाही. आणि जितके कोर्स घ्यायचे त्याच्या दुप्पट मान्य करून ठेवा, कारण नोंदणी उघडते तेव्हा पाहुण्यांचा नंबर शेवटी लागतो आणि निम्मे वर्ग भरलेले असतात.

गेल्या खेपेला एका मुलीचं ऑरगॅनिक केमिस्ट्री अडलं. तिच्या घरच्या विद्यापीठात लेक्चर आणि लॅब मिळून एकच कोर्स, चार क्रेडिटचा. तिकडे लेक्चरचा क्रमांक वेगळा, लॅबचा वेगळा. तिनं मान्यता घेतली ती फक्त लेक्चरच्या क्रमांकावर. लॅब केली, ग्रेडही चांगली आली, पण परतल्यावर विभागप्रमुख म्हणाले, “लॅबचं माझ्याकडे काही आलं नव्हतं.” सिलॅबस, लॅबची वही, प्राध्यापकांचं पत्र असं सगळं जोडून तीन महिन्यांनी ते सुटलं. म्हणून सायन्सवाल्यांनी लॅबची ओळ वेगळी लिहायची.

मान्यता मागताना सिलॅबसची पीडीएफ जोडा. नुसत्या कोर्सच्या नावावर कुणी सही करत नाही, आणि खरं सांगायचं तर एचबीसीयूच्या कोर्सला सही मिळायला कधी कधी जरा जास्त वेळ लागतो. उघडपणे कुणी काही बोलत नाही. “लेव्हल बघावी लागेल” एवढंच म्हणतात. अशा वेळी वाद घालू नका. सिलॅबस, पाठ्यपुस्तकाचं नाव आणि आठवड्यांचं वेळापत्रक समोर ठेवा. पाठ्यपुस्तक दोन्हीकडे एकच निघतं, हे मी अनेकदा पाहिलंय.

शेवटचा प्रश्न ग्रेडचा. काही ठिकाणी फक्त क्रेडिट येतात आणि जीपीए (ग्रेडची सरासरी) तसाच राहतो, काही ठिकाणी तिकडच्या ग्रेड जीपीएमध्ये मिसळतात. सी पेक्षा कमी ग्रेडचं क्रेडिट बहुतेक ठिकाणी येतच नाही. मेडिकलला जाणाऱ्यांनी हे आधी विचारावं.

पैसे

फेडरल मदत, म्हणजे पेल ग्रँट (परत न करायचे पैसे) किंवा लोन, एका सेमिस्टरला एकाच संस्थेतून मिळते. घरच्या विद्यापीठानं ती चालू ठेवायची तर दोन्ही संस्थांमध्ये लेखी करार लागतो. त्याला कन्सॉर्शियम ॲग्रीमेंट म्हणतात. थेट कराराच्या एक्सचेंजमध्ये हे सहसा आधीच झालेलं असतं, चौथ्या दारानं जाणाऱ्यानं मात्र स्वतः धावपळ करायची. राज्य सरकारची शिष्यवृत्ती राज्याबाहेर बरोबर येईलच असं नाही, तेही लेखी विचारा.

फीबरोबर बाकीचं धरायला विसरू नका: खोली, जेवणाचा मील प्लॅन, विमान आणि आरोग्य विमा. घरचा विमा असेल तर यजमानांकडे वेव्हर फॉर्म (तुमचा विमा नको, असं सांगणारा) मुदतीत भरा, नाहीतर त्यांचा विमा आपोआप बिलात येतो. मुदत साधारण सेमिस्टर सुरू होताच संपते.

एफ-1 वर असाल तर

ग्रीन कार्डवाले, सिटिझन मुलं हा भाग सोडून पुढं गेली तरी चालेल. एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांनी मात्र विमानाचं तिकीट काढण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसमधल्या डीएसओला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचे कागद सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला, भेटायचं. नियम असा आहे की दोन मान्यताप्राप्त संस्थांमध्ये एकाच वेळी शिकता येतं, दोन्हीकडचे मिळून कोर्स पूर्णवेळ भरले पाहिजेत, आणि आय-20 (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो दाखला) जी संस्था पदवी देणार तिचाच राहतो. म्हणजे सेव्हिसमधली (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदवहीतली) नोंद घरच्या विद्यापीठाकडेच. बॅचलर्सला पूर्णवेळ म्हणजे किमान 12 क्रेडिट. त्यात ऑनलाइन फक्त एक वर्ग किंवा तीन क्रेडिट धरली जातात, म्हणून “एक कोर्स ऑनलाइन, दुसराही ऑनलाइन” असलं काही करू नका.

नव्या शहरात पोचल्यावर 10 दिवसांत पत्ता कळवायचा. आणि एक चूक होता होता वाचवा: यजमानांच्या ऑफिसातल्या कुणी सवयीनं “तुमचा सेव्हिस रेकॉर्ड ट्रान्स्फर करून घेऊ का?” असं विचारलं तर नाही म्हणा आणि आपल्या डीएसओला फोन लावा. ट्रान्स्फर म्हणजे विद्यापीठ बदलणं, एक्सचेंज नव्हे. कॅम्पसवरच्या नोकरीचंही आधी विचारून घ्या, कारण ती तुमच्या आय-20 शी बांधलेली असते.

घरच्यांना सांगताना

हे फॉर्मइतकंच खरं काम आहे, म्हणून लिहिते. मुलगी स्पेलमनला जाते म्हटल्यावर आपल्या घरांत पहिला प्रश्न येतो, “तिकडं सेफ आहे का?” याच आई-वडिलांनी न्यूयॉर्कच्या कॅम्पसबद्दल असं विचारलेलं नसतं. या प्रश्नाच्या पोटात काय आहे ते आपल्याला माहीत आहे. दिवाणखान्यात कृष्णवर्णीयांसाठी आपण जे शब्द वापरतो तेही माहीत आहेत. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना, आणि त्याच फुल्यांच्या पुण्यातून आलेले आपण.

पण उपदेशानं वडील ऐकत नाहीत, आकड्यांनी ऐकतात. क्लेरी कायद्यामुळे प्रत्येक विद्यापीठाला दरवर्षी 1 ऑक्टोबरपर्यंत कॅम्पसवरच्या गुन्ह्यांचा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो. दोन्ही कॅम्पसचे अहवाल शेजारी शेजारी ठेवा आणि विद्यार्थीसंख्या लक्षात घेऊन वाचा. घरी वाद कमी होतो. आजोबांसाठी वेगळा दाखला आहे: मोरहाऊसचे सत्तावीस वर्षं अध्यक्ष राहिलेले बेंजामिन मेज 1936 च्या अखेरीस वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले होते. मार्टिन ल्यूथर किंग त्यांचेच विद्यार्थी. एका आजोबांनी हे ऐकल्यावर नातीला विमानाचे पैसे स्वतः दिले.

अर्जातला निबंध

“मला विविधतेचा अनुभव घ्यायचा आहे” हे वाक्य खोडा. यजमान विद्यापीठातली माणसं तुमच्या अनुभवासाठी मांडलेलं प्रदर्शन नाहीत. त्याऐवजी कोर्सचं, प्राध्यापकाच्या विषयाचं, तिथल्या ग्रंथालयातल्या संग्रहाचं नाव घ्या. अटलांटा युनिव्हर्सिटी सेंटरच्या वुडरफ ग्रंथालयात मोरहाऊसच्या संग्रहातली किंग यांची कागदपत्रं आहेत. इतिहासवाल्याला एवढं कारण पुरे. सार्वजनिक आरोग्य, शेती, शहरनियोजन यांतही असंच खरं कारण सापडतं.

निबंध लिहिण्याआधी आधीच्या एक्सचेंजवाल्यांचं एखादं चरित्र जरूर वाचा. 1960 च्या फेब्रुवारीत पोमोना कॉलेजची कँडी अँडरसन फिस्कला एक्सचेंजवर होती. नॅशव्हिलमध्ये फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या लंच काउंटरवर फिस्कच्या मुलांबरोबर निषेध म्हणून बसली आणि तुरुंगात गेली. पुढच्या वर्षी बेलॉइटचा जिम झ्वर्ग तसाच फिस्कला आला आणि 20 मे 1961 ला माँटगमरीच्या बसस्थानकावर फ्रीडम रायडर (बसमधला वंशभेद मोडायला निघालेल्यांपैकी एक) म्हणून जबर मार खाल्ला. दोघंही गोरी. दोघंही एका सेमिस्टरसाठीच आलेली. तुमच्याकडून कुणी तुरुंगाची अपेक्षा करत नाही, पण पाहुणा कुठवर पाहुणा राहतो याचा अंदाज येतो.

तिथं पोचल्यावर

अटलांटा किंवा वॉशिंग्टनमधली सेमिस्टर ऑगस्टच्या मध्यालाच सुरू होतात. क्वार्टरवाल्या मुलांची इंटर्नशिप सप्टेंबरपर्यंत चालते, म्हणून कंपनीला मे महिन्यातच सांगून ठेवा. खोलीचा अर्ज प्रवेश पक्का होण्याची वाट न बघता, ज्या दिवशी परवानगी मिळेल त्या दिवशी करा. वसतिगृहात जागा कमी असते. पाहुण्यांच्या येण्या-जाण्याचे नियम काही ठिकाणी तुमच्या कॅम्पसपेक्षा कडक असतात, ते सही करण्याआधी वाचा.

इमारत जुनी निघाली, एसी खडखडला, तर आधी एक गोष्ट लक्षात घ्या. 2023 मध्ये फेडरल सरकारनं 16 राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहून कळवलं की 1987 ते 2020 या काळात त्यांच्या कृष्णवर्णीय लँड-ग्रँट (त्या नावाच्या फेडरल कायद्यांखालच्या) विद्यापीठांना गोऱ्या लँड-ग्रँट विद्यापीठांच्या तुलनेत 12 अब्ज डॉलरहून जास्त कमी पैसे मिळाले. एसीची तक्रार जरूर करा, पण “आमच्याकडे असं नसतं” हे वाक्य मेसमध्ये उच्चारू नका.

मेसमध्ये बुधवारी तळलेलं चिकन आणि शुक्रवारी मासे, ही अनेक एचबीसीयूंची जुनी प्रथा आहे. शाकाहारी मुलांनी मील प्लॅन घेण्याआधी मेनू मागवावा. बीन्स आणि कॉलर्ड ग्रीन्स ही पालेभाजीसुद्धा पुष्कळदा मांस घालून शिजवलेले असतात, विचारल्याशिवाय ताटात घेऊ नका.

ऑक्टोबरच्या सुमारास होमकमिंग, म्हणजे माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, येतं. त्या आठवड्यात परीक्षेचा अभ्यास होणार नाही हे गृहीत धरा. बँड, स्टेप शो, वीस-वीस वर्षांपूर्वीचे विद्यार्थी मुलाबाळांसह आलेले, आपल्याकडच्या गावजत्रेला मुंबईकर येतात तसे. नऊ जुन्या कृष्णवर्णीय संघटना, ज्यांना डिव्हाइन नाइन म्हणतात, त्यांचे रंग, हाताच्या खुणा आणि आरोळ्या त्यांच्याच असतात. टाळ्या वाजवा, व्हिडिओ काढायचा तर विचारा, नक्कल करू नका.

वर्गात पहिले तीन आठवडे कमी बोला. जातीचा दाखला देऊन “आमच्याकडेही अगदी असंच” असं सांगण्याचा मोह आपल्या मुलांना हमखास होतो. साम्य आहेच, 1972 मध्ये मुंबईत दलित पँथरनं नाव घेतलं ते तिकडच्या ब्लॅक पँथरवरूनच. पण हे बोलण्याआधी आपण त्या उतरंडीत कुठल्या पायरीवरून बोलतोय ते स्वतःशी पक्कं करा. वर्गातलं कुणीतरी ते विचारणारच.

उलट बाजूनं, एचबीसीयूतून गोऱ्या बहुसंख्येच्या कॅम्पसवर येणाऱ्या मुलांना मी दोनच गोष्टी सांगते. पहिल्या आठवड्यात प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना जा. लहान कॉलेजात प्राध्यापक स्वतः नावानं हाक मारून थांबवतात, तीनशे जणांच्या वर्गात तुम्ही गेला नाहीत तर कुणी विचारत नाही. आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं केंद्र कुठं आहे ते नकाशात पहिल्याच दिवशी शोधून ठेवा.

परतताना

प्रत्येक कोर्सचा सिलॅबस, पेपर, लॅब रिपोर्ट एका फोल्डरमध्ये स्वतःच्या ड्राइव्हवर उतरवून घ्या. यजमान विद्यापीठाचा लॉगिन कधी बंद होईल सांगता येत नाही. अधिकृत ट्रान्सक्रिप्ट सेमिस्टर संपल्यावर आपोआप जातो असं समजू नका, बहुतेक वेळा तो तुम्हीच मागवायचा असतो, तोही शेवटची ग्रेड चढल्यावर. आधी मागवला तर अर्धवट पोचतो आणि आमच्या ऑफिसात पडून राहतो.

निघायच्या आदल्या दिवशी खात्यावर काही थकलंय का ते बघा. एका मुलाचा ट्रान्सक्रिप्ट सात आठवडे अडकला होता. तो, त्याची आई, मी, सगळे क्रेडिटच्या फायली चाळत बसलो. निघालं ते ऑक्टोबरातलं, होमकमिंगच्या रात्रीचं, चुकीच्या जागी गाडी लावल्याचं चलन.